ऊन स्वस्त की कोळसा, आबांना विचारा

सोलरच्या दुकानात काम करणाऱ्याकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ आम्ही दर सोमवारी पुसतो, पण किस्से कोण पुसणार? कुठल्याही लग्नात जेवायला बसले की मी एक किस्सा काढते, त्याला दुसरा चिकटून येतो, आणि मठ्ठा संपला तरी माझं संपत नाही. परवा मैत्रीण म्हणाली, "मीने, एकदाचं लिहून काढ, म्हणजे आमची सुटका होईल." तर घ्या!

मी मूळची लातूरची. लग्न होऊन नांदेडला आले आणि फिजिक्सची डिग्री घेऊन बालाजीभाऊंच्या दुकानात चिकटले. दुकान छपरावर सोलर बसवून देण्याचं. बालाजीभाऊ मालक, युनूसभाई फिटर, आणि मी कोटेशन बनवणारी. येईल त्या गिऱ्हाइकाला कोळशाची वीज कशी महाग पडत चाललीय आणि उन्हाची कशी स्वस्त, हे कागदावर मांडून दाखवायचं, हे माझं काम.

आणि चौथे आबा. आबा म्हणजे बालाजीभाऊंचे वडील. त्यांनी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात काढली, बॉयलरवर ऑपरेटर म्हणून. म्हणजे मुलगा ऊन विकतो आणि बाप कोळशाचा! बरं, घरी पेपर वाचत बसतील तर तेही नाही. रोज सकाळी आठ वाजायच्या आत आबा दुकानाच्या दारात निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत हजर. गिऱ्हाईक पायरी चढता चढता विचारायचं, "काय हो, ऊन स्वस्त पडतं का?" बालाजीभाऊ तोंड उघडेपर्यंत आबांचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

"दिवसा."

बस्स, एवढंच! गिऱ्हाईक गोंधळायचं आणि पुढचा अर्धा तास आम्हाला त्या एका शब्दाची समजूत घालण्यात घालवावा लागायचा.

त्यांना ऊठ म्हणण्याची सोय नव्हती, कारण दुकान त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर. आणि खरी गोम पुढेच आहे. त्या घराच्या गच्चीवर सोलरचं एक पॅनल नव्हतं. आबांनी एकदाच सांगून ठेवलं होतं, "माझ्या डोक्यावर न्हाई." मी कितीही सुंदर कोटेशन काढू दे, शेवटी गिऱ्हाईक वर बघून विचारायचंच, "तुमच्या स्वतःच्या घरावर किती लावलंय?" आणि आम्ही तिघंही एकदम कामात गुंतल्यासारखं करायचो.

उन्हाळ्यातच बालाजीभाऊंनी मला सांगून टाकलं होतं. दिवाळीपर्यंत एखादं मोठं काम मिळालं नाही तर शटर ओढायचं आणि बायकामुलांना घेऊन पुण्याला मित्राच्या कंपनीत नोकरीला जायचं. म्हणजे इथे आबा आणि माई, बालाजीभाऊंच्या आई, दोघंच राहणार. हे आबांना माहीत होतं. पण बापलेकांत थेट बोलायची पद्धत नव्हती. "मीनाताई, आबांना म्हणावं जेवून घ्या." "पोरी, त्याला सांग, भूक न्हाई." मधे चार फुटांचं अंतर, आणि त्यात मी!

*

आमचं मोठ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अर्धापूरचे कदमशेठ. केळी पिकवायच्या चेंबरवाले. खोल्याच्या खोल्या भरून केळी, आणि त्या खोल्या गार ठेवायला मशिनं चोवीस तास चालू. विजेचा नुसता धूर निघायचा. हे काम मिळालं असतं तर दुकान पुढची दोन वर्षं पाय पसरून बसलं असतं.

शेठ आले त्या दिवशी बालाजीभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझा कागद तयार. कोळशाच्या विजेचा दर कसा वर वर चाललाय, पॅनलची किंमत कशी खाली खाली आलीय, दोन रेघा, एक लाल, एक हिरवी. मधे कुठेतरी त्या एकमेकींना कापतात. तो काप दाखवताना मी नेहमी आवाज थोडा खाली आणते, त्यानं परिणाम होतो.

मी आवाज खाली आणला, आणि त्या शांततेत दारातून प्रश्न आला.

"शेठ, तुमची केळी रात्री झोपत्यात का?"

कदमशेठ आधी चमकले, मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, आबा बरोबर बोलतात, रात्रीचं काय? बालाजीभाऊंनी सांगितलं की दिवसाचा भार उन्हावर टाकायचा, रात्रीचा लाइनवर, तरी फायदाच. शेठना ते पटलं. पटलं म्हणजे अगदी पेन काढण्यापर्यंत पटलं. पेनचं टोपण उघडता उघडता त्यांनी वर बघितलं. "तुमच्या घरावर किती लावलंय?"

आम्ही तिघं कामाला लागलो. उत्तर आबांनी दिलं.

"शून्य."

शेठनी टोपण लावलं. जाताना मात्र प्रेमानं सांगून गेले, "आधी तुमच्या घरावर चालताना दाखवा. मग आमच्यावर लावा." बालाजीभाऊ बराच वेळ त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत बसले होते. मला त्या दिवशी आबांचा खरोखर राग आला.

*

आता आबांच्या लॉगबुकाबद्दल सांगायलाच हवं.

वीज केंद्रात दर तासाला आकडे वहीत लिहायचे असतात. वाफेचा दाब किती, तपमान किती, काय चालू, काय बंद. तीस-बत्तीस वर्षं हे केलेला माणूस घरी आल्यावर काय करणार? आमच्या दुकानाबाहेर नमुन्याचं एक पॅनल उभं केलेलं असतं आणि आत भिंतीवर त्याचा छोटा मीटर. आबा दर तासाला उठून तो मीटर बघायचे आणि वहीत लिहायचे. सोबत दुकानाची हालहवालही. मी एकदा चोरून वाचली. "११:०० गिऱ्हाईक आलं. ११:२० गिऱ्हाईक गेलं. भार शून्य."

दुसरा नियम: बदली माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. बॉयलर सोडून कुणी चहाला जात नाही, तसं आबाही जायचे नाहीत. जेवायला जायचं तर आमच्यातल्या कुणीतरी येऊन चार्ज घ्यायचा. म्हणजे आधी शेजारी उभं राहायचं, आबा काय काय चालू आहे ते सांगणार, मग वहीत डावीकडे त्यांची सही, उजवीकडे आपली. डावीकडे देणारा, उजवीकडे घेणारा. मगच खुर्ची!

एकदा माझ्या कोटेशनची घाई होती म्हणून युनूसभाईंनी चार्ज घेतला. आबा जेवून आले, वही बघितली. युनूसभाईंनी तासाच्या रकान्यात लिहिलं होतं, "सब ठीक है."

"सब म्हंजे काय काय?" आबांनी विचारलं.

युनूसभाईंनी इकडे तिकडे बघितलं. "पंखा ठीक है, मीनाताई ठीक है, मैं ठीक हूँ आबा."

"मंग तसं लिव्ह."

युनूसभाईंनी खरोखर तसं लिहिलं. वहीच्या त्या पानावर मी अजूनही ठीक आहे.

*

निलंग्याजवळच्या एका गावात शेतकऱ्यांची बैठक होती. विहिरीवरच्या पंपांना सोलर लावायचं की नाही, यावर चर्चा. बालाजीभाऊ, युनूसभाई आणि मी निघालो, तर गाडीत मागच्या सीटवर आबा आधीच बसलेले. त्या बाजूला कुणाचं तरी लग्न होतं म्हणे. लग्न दुपारी आटोपलं आणि आबा अक्षतांसकट बैठकीत येऊन शेवटच्या रांगेत बसले. बालाजीभाऊंचा चेहराच उतरला.

तरी त्यांनी जोरात सुरुवात केली. "मंडळी, कोळसा विकत घ्यावा लागतो. ऊन फुकट आहे."

मागून आबा उठले. "कोळसा बी फुकटच हाय."

सगळी बैठक वळली.

"जमिनीत पडून हाय. देवानं त्याचं बिल कधी धाडलं का? पैसे लागत्यात ते खणायला आन् आणायला. तसं ऊन फुकट, पर पत्रा फुकट न्हाई. इन्व्हर्टर फुकट न्हाई. धुवायला पानी फुकट न्हाई."

कर्नाटक सीमेकडचे एक म्हातारे पुढच्या रांगेत बसले होते, ते कानडीत "हौदु, हौदु", म्हणजे हो हो, करत मान डोलवायला लागले. मी मनातल्या मनात गाडीची किल्ली शोधायला लागले. पण आबा थांबले नव्हते. आबा हिशेबाला बसले की अर्ध्यावर उठत नाहीत, ही त्यांची खोड आम्हाला तोवर माहीतच नव्हती.

"आता कोळशाचं ऐका. खाणीतून निघाला की रेल्वेत बसतो, त्याचं तिकीट हाय. पावसाळ्यात भिजून येतो, मंग पेटत न्हाई, नुसता धुपतो. राख निघती डोंगरायेवढी, ती टाकायला जागा लागती. पानी लागतं लई. आन् मेन म्हंजे त्याला रोज खायला लागतं. वीज करायचा संच बांधून झाला म्हून चूल थांबत न्हाई. ह्याचा पत्रा येकदा आणला की पुन्हा खायाला मागत न्हाई. हे बी खरं हाय."

आणि बसले. कुणीतरी विचारलं, मग आबा, शेवटी काय करायचं? आबा म्हणाले, "तुमी पानी दिवसा देता का रात्री?" शेताला लाइन रात्रीच येते आणि बिबट्याची भीती असताना पंप चालू करायला जावं लागतं म्हणून तर ती बैठक होती! सगळे एका सुरात म्हणाले, दिवसाच द्यायचंय.

"मंग मला कशाला इचारता?"

त्या गावात सात पंप बसले. बालाजीभाऊंनी नंतर मला एकट्यात विचारलं की हे म्हातारं आपल्या बाजूचं आहे की नाही? येताना गाडीत मी तोच प्रश्न आबांना जरा फिरवून विचारला. आबा दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, मी कोळशाच्याच बाजूनं बोललो, लोकांना कळलं न्हाई त्याला मी काय करू.

*

त्यानंतर मी आबांचंच शस्त्र चोरायचं ठरवलं, आणि माझ्या माहेरी, लातूरला, तोंडावर आपटले.

तिथे एका मोठ्या क्लासचं वसतिगृह होतं. पोरंपोरी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येतात, सकाळपासून पंखे, गिझर, लाइट. संचालक सरांसमोर मी कोळशाच्या वाहतुकीचा मुद्दा काढला. म्हटलं, सर, लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं ते वर्ष आठवा. विहिरीत पाणी फुकटच असतं, पण रेल्वेत बसून आलं की त्याची किंमत कळते. कोळसा तसाच, रोज रेल्वेनं येणारा. लातूरच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. सर एकदम गंभीर झाले. मला वाटलं, जिंकलं!

पण सर पडले क्लासवाले. म्हणाले, "मॅडम, विवेचन नको. पर्याय सांगा. अ, कोळसा स्वस्त. ब, सौर स्वस्त. क, दोन्ही समान. ड, यापैकी नाही. एक टिक करा."

मी फिजिक्सची, तरी पर्याय पुन्हा बोटांवर मोजायला लागले. अ म्हटलं तर धंदा गेला, ब म्हटलं तर सर रात्रीचं विचारणार, ड म्हटलं तर मी इथे आलेच कशाला? मी म्हटलं, एक मिनिट सर, सीनिअरना विचारते. आणि आबांना फोन लावला. स्पीकरवर!

आबांनी प्रश्न शांतपणे ऐकून घेतला. चारही पर्याय ऐकले. "पोरी, वाचून दाखव पुन्हा. टाइम किती वाजायचा लिवला हाय?"

"वेळ नाही लिहिली आबा."

"दुपारच्या बाराला ऊन स्वस्त. रात्रीच्या आठाला कोळसा. टाइम न्हाई तर प्रश्न चुकला. प्रश्न रद्द करा आन् सगळ्यायला मार्क द्या."

सर खुर्चीत सरळ बसले. एवढ्या वर्षांत त्यांच्या पेपरातला प्रश्न कुणी फोनवरून रद्द केला नव्हता. त्यांनी फोन हातात घेऊन आबांना विचारलं, सर, आपण कोणत्या कॉलेजला होतात? आबा म्हणाले, "बॉयलरला."

*

धर्माबादचा किस्सा लहान आहे, पण युनूसभाई आजही तो नाक दाबूनच ऐकतात.

तिथल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरावर आम्ही सोलर बसवलं होतं. महिन्याभरात फोन आला, वीज तयार होत नाही. युनूसभाई तपासायला गेले, मीही सोबत. खाली मीटर बघितला, तारा बघितल्या, सगळं ठीक. मग युनूसभाई शिडीनं वर गेले आणि वरून पहिली शिंक आली. मग दुसरी. मग मोजायच्या पलीकडे.

मी वर जाऊन बघते तर एकाही पॅनलचा निळा रंग दिसत नव्हता. सगळं लालभडक! व्यापाऱ्याच्या बायकोनं सगळ्या पॅनलांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. ओळीनं, नीट, खाली घसरू नयेत म्हणून कडेला विटा लावून.

मी हळूच म्हटलं, वहिनी, हे वीज तयार करायला आहे. त्या बाईंना माझी कीव आली असावी. "अय्यो, मला म्हाईत हाय की! पर गच्चीवर येवढी सपाट, सोच्छ, उन्हाकडं तोंड केलेली जागा दुसरी कुठं हाय? वीज आन् मिरची, दोघीयला ऊनच लागतं. वाटून घेतील."

आता यावर मी काय कोटेशन देणार? युनूसभाई दोन दिवस शिंकत होते. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानात पहिल्यांदाच पोट धरून हसले. त्या दिवशीच्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं आहे: "धर्माबाद संच. इंधन: मिरची. ओलावा जास्त, निर्मिती कमी."

*

एवढं हसून झालं तरी दिवाळी जवळ येतच होती. कदमशेठचा निरोप आला, दुसरा एक सोलरवाला माझ्या मागे लागलाय, तुमचं काय ते लवकर दाखवा. बालाजीभाऊंनी पुण्याच्या मित्राला फोन केला. मला तो अर्धवट ऐकू आला आणि उरलेला मी समजले.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी आबांच्या खुर्चीजवळ जाऊन सरळ विचारलं, की आबा, निलंग्याला तुम्ही स्वतःच सगळा हिशेब लावलात. दिवसाचं ऊन स्वस्त आहे हे तुम्हाला आमच्याहून जास्त कळतं. मग आपल्या गच्चीवर का नको?

आबा मीटरकडे बघत म्हणाले, "ड्यूटीवर हाय मी अजून. चार्ज घ्यायला कोनी आलं न्हाई."

मला काहीच कळलं नाही. माईंना विचारलं. माईंनी हात पुसले, आतल्या कपाटातून एक जाड, जुनी, काळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि शेवटचं पान उघडून माझ्या समोर धरलं.

आबा रिटायर झाले त्याच दिवशी त्यांचा जुना संच कायमचा बंद झाला होता. एवढी वर्षं पेटता ठेवलेला बॉयलर त्यांच्याच पाळीत गार केला. पाळी संपली, पण संचच नाही म्हटल्यावर पुढच्या पाळीचा माणूस येणार कशाला? आबा दोन तास बसून राहिले म्हणे. शेवटी कुणीतरी म्हणालं, वही घेऊन जा आबा, तिचं आता इथे काय काम? त्या पानावर डावीकडे आबांची सही होती. उजवीकडची जागा रिकामी होती.

"दुसऱ्या दिशी सकाळी आठाला खाली दुकानात जाऊन बसले," माई म्हणाल्या. "तवापासनं बसूनच हायेत."

मला आबांवर धरलेल्या सगळ्या रागाची लाज वाटली. खाली येऊन मी बालाजीभाऊंना एवढंच सांगितलं, की वर जाऊन कपाटातली काळी वही बघा. शेवटचं पान.

*

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले होते. आबा खुर्चीत. बालाजीभाऊ रोज साडेनवाला खाली उतरणारा माणूस, तो आठला दहा मिनिटं कमी असताना जिन्यातून आला. पायात बूट. हातात जेवणाचा डबा. बगलेत काळी वही.

बदली माणसानं दहा मिनिटं आधी यायचं असतं, हा आबांचा नियम. बालाजीभाऊंनी लहानपणापासून तो शंभर वेळा ऐकलेला.

ते खुर्चीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मधे मी नव्हते.

"आबा, चार्ज घ्यायला आलो."

आबांनी घड्याळाकडे बघितलं. मग मुलाकडे, मग त्याच्या बुटांकडे. मला वाटलं आता ओरडतात. पण त्यांनी वही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि सावकाश वाचायला लागले, तिथे सहीशिवाय काहीही लिहिलेलं नसताना.

"संच बंद. बॉयलर गार. राख काढली. पानी सोडून दिलं. माणसं सगळी ठीक, कुनाला लागलं न्हाई."

"काही तक्रार?" बालाजीभाऊंनी विचारलं.

"न्हाई."

आबांनी खिशातलं पेन काढून दिलं. बालाजीभाऊंनी उजवीकडे सही केली. ती इतकी वाकडी आली की बँकेत चालली नसती! आबा उठले, खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसली, मुलाला बसवलं आणि जिना चढून गेले. माई सांगत होत्या, त्या दिवशी ते दुपारी एकपर्यंत झोपले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

युनूसभाई हे सगळं दारातून बघत होते. ते मीटरचा आकडा बघून आले आणि बालाजीभाऊंना सांगितला.

चारच्या सुमारास वरच्या गॅलरीतून आवाज आला. "युनूस, शिडी कुठं ठिवली रे?"

*

गच्चीवर पॅनल बसले. कदमशेठचं काम आम्हाला मिळालं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही त्यात अडकून पडणार नाही. पुण्याचं रद्द झालं. पण शेठ बघायला आले तो दिवस सांगितल्याशिवाय मला उठवणार नाही.

शेठ यायचे त्याच दिवशी आभाळ भरून आलं. सकाळी दहाला दुकानात लाइट लावावे लागले! बालाजीभाऊ आतबाहेर करत होते. युनूसभाई गच्चीवर जाऊन कोरड्या फडक्यानं स्वच्छ पॅनल पुन्हा पुसत होते, जसं काही ढगही त्यानंच जाणार आहेत. शेठ आले, वर गेले, आकडा बघितला. आकडा अगदीच बारका होता. शेठ तसेच जिना उतरले. खाली येऊन बसले.

मी काय करणार? लाल-हिरव्या रेघा काढल्या तरी ढग दिसतच होते. शेवटी मी आबांची दुकानातली वही शेठच्या पुढे ठेवली. त्यात मागच्या कितीतरी महिन्यांचं ऊन तासातासाला लिहिलेलं होतं. कडक ऊन, धुळीचं ऊन, मळभ, पाऊस, काहीही न लपवता. शेठ पानं उलटत राहिले. आजच्या पानावर ते थांबले आणि हसायलाच लागले. आबांनी सकाळी खाली येऊन लिहून ठेवलं होतं, "दिवसपाळीचा गडी आज आजारी. अर्धी हजेरी. कोळशाची डबल ड्यूटी."

तेवढ्यात आबाच जिन्यातून उतरले. स्वच्छ धोतर, हातात भाजीची पिशवी. शेठ उठून उभे राहिले. वही बंद करून म्हणाले, "आबा, बाकी कुणाचं ऐकत नाही मी. तुम्ही एकदा तोंडानं सांगा, म्हणजे सही करतो. ऊन स्वस्त की कोळसा?"

दुकानात आम्ही सगळे हातातलं काम टाकून उभे. युनूसभाई शिडीवरच थांबलेले. इतक्या वर्षांत हा प्रश्न दारातून आत आला आणि आबांनी उत्तर दिलं नाही, असं एकदाही झालेलं नव्हतं.

आबांनी चपला पायात घातल्या. निळ्या खुर्चीत बसलेल्या बालाजीभाऊंकडे बोट केलं.

"मी रिटायर माणूस हाय शेठ. ड्यूटीवर त्यो हाय. त्याला इचारा."

आणि मेथी आणायला गेले.